तुळशीपाशी तुटलेली माळ

यवतमाळ जिल्ह्यातल्या एका खेड्यातून एका ताईंचं पत्र आलं आहे. घर गावाच्या टोकाला, मागे सांदवाडी म्हणजे परसबाग, तिला लागूनच वावर. घरात नवरा-बायको, सासरे आणि दहा वर्षांचा मुलगा. मुलाला त्याच्या मामानं मागच्या वर्षी दोन पांढरे ससे आणून दिले, ते दिवसभर अंगणात मोकळे असतात. दिवाळीला नवऱ्यानं लायटिंगच्या तीन माळा लावल्या. एक तुळशीवृंदावनाला, एक लोखंडी फाटकाला, एक मेंदीच्या कुंपणावरून. वृंदावनाभोवती सांबार, म्हणजे कोथिंबीर, आणि पालकाचा वाफा आहे. दहा दिवसांत वृंदावनाची माळ तीनदा तुटली. दर वेळी बुडाशी, जमिनीपासून हातभराच्या आत, आणि दर वेळी "ब्लेडनं कापल्यासारखी तिरपी". सकाळी आंघोळ करून अनवाणी तुळशीला पाणी घालायला गेल्यावर ताईंना ती तुटलेली दिसते. दोनदा नवऱ्यानं टेप गुंडाळून जोड दिला. तिसऱ्या खेपेच्या आधी दोन रात्री ससे खोक्यात घालून वर पाट ठेवला होता, तरी माळ तुटली. मुलगा रडत म्हणाला, खोका माझ्याकडूनच उघडा राहिला असेल. मामंजी म्हणतात, ससे कोणाला देऊन टाका, नाहीतर वावरात सोडा. शेजारचे म्हणतात, तारेचं टोक सोलून ठेवा, एकदा झटका बसला की जनावर फिरकणार नाही. आणखी कोणी गुळाच्या गोळीत थिमेट हे कीटकनाशक घालायला सांगितलं. नवऱ्याला झटक्याची गोष्ट पटत चालली आहे. तुळशीचं लग्न आठवड्यावर आलंय, नणंद मुलाबाळांसह येणार आहे. "ससे ठेवू की लायटिंग? आणि मुलाला काय सांगू?" असं ताईंनी विचारलं आहे.

ताई, आधी एक काम करून या, मग पुढचं वाचा. वृंदावनाच्या माळेचा प्लग बोर्डातून उपसून ठेवा. नुसतं बटन बंद करून भागणार नाही. जुन्या फिटिंगमध्ये बटन कधी कधी करंट आणणाऱ्या फेजऐवजी तो परत नेणाऱ्या न्यूट्रलच्या तारेवर बसवलेलं असतं. तसं असेल तर बटन बंद करूनही तारेत करंट राहतो.

आलात? आता बोलू.

तुमचं पत्र मी दोनदा वाचलं. पत्रभर ससे आहेत, मामंजी आहेत, शेजारी आहेत, पाहुणे आहेत. पण मी अडकले ती एका ओळीवर, जी तुम्ही सहज लिहून गेलात. आंघोळ करून, अनवाणी, ओल्या हातानं तुम्ही रोज तुळशीला पाणी घालता, आणि तुटलेली माळ तुम्हाला तेव्हा दिसते. म्हणजे तुटलेली तार, ओली माती, उघडे पाय आणि हातात पाण्यानं भरलेला तांब्या, हे सगळं दर वेळी एका जागी आलं होतं. तीनदा काही झालं नाही. चौथ्यांदा होणार नाही, असं मला म्हणता येत नाही, म्हणून प्लगाचं आधी सांगितलं.

बाजारातली स्वस्त माळ कशी असते ते सांगते, कारण "एवढ्याशा दिव्यांना कितीसा करंट लागतो" असं घराघरात म्हटलं जातं. दिवे बारीक असतात हे खरं, पण ते एकामागोमाग एक जोडून माळ थेट घरच्या 230 व्होल्टवर चालवलेली असते. मधे जो छोटा डबा असतो, ज्याचं बटन दाबलं की दिवे कधी पळतात, कधी मिचकतात, तो फक्त दिव्यांचा खेळ बदलतो. व्होल्टेज कमी करायचं काम तो करत नाही. अशी माळ मधे तुटली की दिवे विझतात आणि आपण समजतो करंट गेला. तो गेलेला नसतो. बोर्डाकडून येणाऱ्या तुकड्याचं टोक जिवंत असू शकतं, आणि दिवे विझल्यामुळे ते कोणाला कळतही नाही. त्यात हे दिवस दवाचे. पहाटे पालकाच्या पानांवर पाणी साचलेलं असतं, माती ओली असते, लोखंडी फाटक गार आणि ओलं असतं.

माझ्या मावशीच्या गावी लग्नघराच्या फाटकावरून मांडवाची तार नेली होती. फाटक रोज उघडून-लावून तिचं प्लास्टिक घासून गेलं. पहाटे फाटकाजवळ बांधलेली शेळी मेलेली सापडली. साप चावला असेल म्हणून घरचे चार जण काठ्या घेऊन उकिरडा उसकत बसले. मावशी तेवढ्यात फाटक उघडायला गेली आणि हात लावताच मागे फेकली गेली. पायात रबरी चप्पल होती म्हणून आज ती आहे. सगळे साप शोधत होते, आणि तार तिथंच सगळ्यांच्या डोळ्यांपुढे होती. तुमच्या घरी सध्या सशाचा शोध चालला आहे, म्हणून मला ती शेळी आठवली.

तरी तुमच्या मुलासाठी सशाचाही छडा लावूच. तुम्ही दोन पुरावे पत्रातच दिले आहेत, फक्त ते एकमेकांशेजारी ठेवले नाहीत. पहिला पुरावा म्हणजे तार तिरपी आणि स्वच्छ कापली आहे. उंदीर-घुशीचं काम असं नसतं. उंदीर तार कुरतडतो, प्लास्टिक सोलून ठेवतो, तांबं उघडं पडतं, कडेला बारीक दातांच्या खाचा दिसतात. खार असती तर तिनं दिवसा आणि उंचावर खोडी केली असती. बुडाशी आणि कात्रीनं कापावं तशी कापलेली, म्हणजे ससाच. ससा उंदराच्या कुळातला नाही. त्याच्या वरच्या पुढच्या दातांच्या मागे आणखी एक छोटी दातांची जोडी असते, आणि कोवळी काडी तो एका चाव्यात तिरपी छाटतो. दुसरा पुरावा म्हणजे त्या दोन रात्री तुमचे ससे खोक्यात होते आणि वर पाट होता.

मग बाहेरचा ससा. घरामागे वावर आहे, सोयाबीन निघालं आहे. इतके दिवस ज्या दाट पिकात रानससा दिवसा दडून बसायचा ते रान आता उघडं पडलं. तूर उभी आहे, हरभरा नुकता उगवतोय, आणि तुमच्या वृंदावनाभोवती पाणी घातलेला, कोवळा, हिरवागार सांबार आणि पालक. रात्री चरणाऱ्या जनावराला याहून चांगलं ताट कुठं मिळणार? तो माळ खायला येतच नाही, ताई. तो पालक खायला येतो आणि वाटेत, तोंडाच्या उंचीवर, मुळीसारखी बारीक लवचीक तार आडवी येते. येण्याजाण्याच्या वाटेतल्या काड्या छाटून टाकायची सशाला सवयच असते.

खात्री करायची असेल तर आज रात्री वाफ्याच्या कडेनं चुलीतली राख चाळून पातळ पसरा. ससा उड्या मारत जातो, त्यामुळे त्याचा ठसा ओळखू येतो. मागचे दोन लांबट पाय पुढे शेजारी-शेजारी उमटतात, आणि पुढचे दोन छोटे पाय त्यांच्या मागे एकापाठोपाठ एक. उडी पुढेच मारलेली असते, ठसा मात्र उलटा वाटतो. वाटाण्याएवढ्या गोल, कोरड्या, गवताच्या लेंड्या दिसल्या तर प्रश्नच मिटला. उंदराची लेंडी लांबट आणि टोकदार असते. हे काम मुलाला करू द्या, त्यानंच राख पसरावी आणि सकाळी त्यानंच बघावी. प्लग मात्र त्याआधी काढलेला असला पाहिजे.

पहिल्या दोन खेपा कोणाच्या, ते मला इथून सांगता येणार नाही. तेव्हा तुमचे ससे मोकळे होते, त्यांनीही तोंड घातलं असेल. पण तो निकाल लावून तुमच्या हाती काही येणार नाही. जमिनीलगत बारीक तार असेल तर पाळीव असो की रानातला, ससा ती तोडणारच. सशाचे पुढचे दात जन्मभर वाढत राहतात, आठवड्याला साधारण दोन-तीन मिलिमीटर. ते झिजवायला त्याला सतत काहीतरी चावावं लागतं. तेव्हा तुम्ही विचारलेल्या "ससे की लायटिंग" या प्रश्नात मला तिसरीच गोष्ट बदलायची आहे. ती म्हणजे तार कुठून जाते आणि तिच्यात किती व्होल्ट आहेत.

त्याआधी शेजाऱ्यांच्या सल्ल्याबद्दल अगदी स्पष्ट बोलते, कारण तुमच्या घरचे त्याकडे झुकले आहेत. सोललेलं टोक ठेवायचं नाही. कोणत्याही कारणानं नाही, एका रात्रीपुरतंही नाही. तार चावलेल्या सशाला धडा वगैरे मिळत नाही. तो मरतो, किंवा तोंड भाजून कुठंतरी जाऊन मरतो, आणि दुसऱ्या रात्री दुसरा ससा येतो. पण सोललेली तार सशासाठी आहे हे तारेला कळत नाही. आपल्या विदर्भात रानडुकरांसाठी वावराच्या कुंपणात करंट सोडून किती घरं उजाड झाली, हे तुम्हा-आम्हाला नव्यानं सांगायला नको. स्वतःच्याच तारेला चिकटून शेतकरी गेले, रात्री पाणी द्यायला निघालेले गडी गेले, वाघ गेले. ज्यांनी तारा लावल्या त्यांच्यावर गुन्हेही दाखल झाले. तुमच्या अंगणात आठवड्यानं नणंदेची मुलं खेळणार आहेत. नवऱ्याला हे माझ्या शब्दांत वाचून दाखवा. ते वाईट माणूस आहेत म्हणून झटक्याकडे वळले असं मला वाटत नाही. तीनदा माळ बांधून तीनदा तुटली की माणूस चिडतो.

वावरात लोक झटका मशीन लावतात, ती वेगळी गोष्ट आहे. त्यात बॅटरीवर क्षणभराचे ठोके तुटक तुटक जातात. पण दोन सशांसाठी, मुलं खेळतात त्या अंगणात, तेही नको.

थिमेटचं तर नावच काढू नका. थिमेट म्हणजे फोरेट, आणि त्यावर आपल्या देशात 31 डिसेंबर 2020 पासून बंदी आहे. तरी घराघरात जुना डबा पडलेला असतो. 2017 साली तुमच्याच जिल्ह्यात फवारणीची विषबाधा होऊन शेतकरी-शेतमजूर गेले, त्या जिल्ह्यात राहून गुळाच्या गोळीत विष घालून ती अंगणात ठेवायची? गुळाची गोळी ससा खाईल की नाही सांगता येत नाही. कुत्रा, कोंबडी, वासरू आणि लहान मूल मात्र नक्की उचलेल. शिवाय रानससा 1972 च्या वन्यजीव संरक्षण कायद्याखाली येतो. त्याला विष घालणं, फासे लावणं, मारणं हा गुन्हा आहे.

आता काम कसं करायचं ते सांगते. ही माहिती तुमच्यासारख्या वावराच्या कडेला राहणाऱ्या सगळ्यांनाच उपयोगी पडेल.

फाटकावरची माळ आजच काढा आणि परत लावू नका. लोखंडी फाटक, टिनाचं छप्पर, कपडे वाळत घालायची तार, काट्याच्या तारांचं कुंपण, यांवरून 230 व्होल्टची माळ कधीच न्यायची नाही. फाटकावर दिवा हवाच असेल तर उन्हावर चार्ज होणारी सोलर माळ लावा. तिच्यात छोट्या बॅटरीचा करंट असतो आणि लाईट गेली तरी ती चालू राहते. कार्तिकात आपल्याकडे ऊन भरपूर असतं.

वृंदावनाची माळ खालून वर नेली आहे, ती वरून आणा. तुळशीच्या लग्नाला तुम्ही उसाचा किंवा ज्वारीच्या ताटांचा मांडव करालच. त्याच्याच चार कोपऱ्यांना चार बांबू रोवा. घराच्या भिंतीवरून, माणसाच्या डोक्याच्या बऱ्यापैकी वरून, तार मांडवाच्या माथ्यावर आणा आणि दिवे माथ्याला नि वरच्या कडेला बांधा. जमिनीपासून तीन फुटांच्या खाली काहीही लोंबता कामा नये. मागच्या पायांवर उभा राहिलेला ससा तिथपर्यंत पोचत नाही. तार ताणून बांधू नका, आणि बांधायला सुतळी वापरा, लोखंडी बाइंडिंग तार नको. वृंदावनाजवळ खाली उजेड हवा तर पणत्या आहेतच. फक्त उसाची वाळकी पानं पणतीवर आलेली नसावीत.

माळही बदलाच. टेपचे जोड दिलेली माळ बाहेर, दवात, परत लावायची नसते. काळी टेप दोन रात्री ओल धरली की सुटते. ती माळ मनावर दगड ठेवून फेका, आणि फेकताना प्लग कापून टाका म्हणजे कोणी ती पुन्हा लावणार नाही. नवी घेताना दुकानदाराला अडॅप्टरवाली मागा. अडॅप्टरवर आउटपुट म्हणून 12 किंवा 24 व्होल्ट डीसी लिहिलेलं असतं, ते स्वतः वाचा. याहून स्वस्तात, मोबाईलच्या चार्जरवर चालणाऱ्या बारीक तांब्याच्या तारेच्या माळा मिळतात. त्या 5 व्होल्टच्या. अडॅप्टर किंवा चार्जर घरात, कोरड्या जागी राहील आणि अंगणात फक्त कमी व्होल्टची तार येईल असं बघा. मग ती कोणी तोडली तरी नुकसान माळेचंच होईल. एवढ्या एका बदलानं माझी निम्मी काळजी मिटेल.

जिथं तार खाली उतरवणं टाळताच येत नाही, तिथं तिला इलेक्ट्रिक फिटिंगच्या कडक पीव्हीसी पाईपमधून न्या. ठिबकच्या 16 मिलिमीटरच्या जुन्या नळ्या तुमच्याकडे गुंडाळून पडल्या असतील. नळी ब्लेडनं लांबीत चिरायची आणि तारेवर चढवायची, ही युक्ती बरेच जण करतात आणि ती वाईट नाही. पण ठिबकची नळी ससे आणि खारी वावरात तोडतात हे तुमच्या नवऱ्याला माझ्यापेक्षा जास्त माहीत आहे. म्हणून ती कमी व्होल्टच्या माळेपुरतीच वापरा आणि रोज हात फिरवून बघा. 230 व्होल्टच्या तारेला कडक पाईपच हवा.

झोपताना प्लग काढायचा, हा नियम घरात कायमचा करा. ससा रात्री उशिरा आणि पहाटे फिरतो, त्या वेळी कोणी लायटिंग बघत नसतं. नऊ-दहाला माळ बंद झाली तर कोणाचं काही अडत नाही. लक्षात राहत नसेल तर ठरल्या वेळी बंद होणारा टायमरचा प्लग मिळतो.

आणि एक खर्चाचं काम, पण ते कराच. तुमच्या मीटरच्या बोर्डावर एमसीबी असेल. एमसीबी जास्त लोड आला किंवा शॉर्ट झालं की पडते. माणसाला शॉक बसत असताना ती पडेलच असं नाही, कारण माणसाचा जीव जायला लागणारा करंट तिच्या हिशेबात फारच थोडा असतो. त्यासाठी ईएलसीबी किंवा आरसीसीबी लागते, 30 मिलिअँपिअरची. तारेतून गेलेला करंट परत आला नाही, कोणाच्या अंगातून किंवा ओल्या भिंतीतून जमिनीत उतरला, की ती डोळ्याचं पातं लवायच्या आत लाईन तोडते. माळेपेक्षा ती बरीच महाग आहे, पण एकदाच घ्यायची आणि सगळ्या घरासाठी. ती बसवताना वायरमनकडून अर्थिंगही तपासून घ्या. बसवल्यावर ती सारखी पडायला लागली तर वायरमन म्हणेल, "काढून टाकू, त्रास देते." काढू देऊ नका. ती पडते याचा अर्थ घरात कुठंतरी करंट गळतोय, ती जागा शोधायला सांगा. तिच्यावर चाचणीचं बटन असतं, ते महिन्यातून एकदा दाबून बघायचं.

वाफ्याचं सोपं आहे. सांबार-पालक वृंदावनापासून काढून सांदवाडीत दुसऱ्या टोकाला लावा, किंवा आहे तिथं ठेवून भोवती बारीक भोकाची कोंबडीजाळी तीन फूट उंच उभी करा. बुडाची वीतभर जाळी बाहेरच्या बाजूला दुमडून तिच्यावर माती-दगड ठेवा. रानससा बिळं खोदत नाही, पण तुमचे पाळीव ससे खोदतात. त्यांचे पूर्वज युरोपातले, बिळात राहणारे. जाळी लोखंडी असते, तिला माळेचा स्पर्शही होऊ देऊ नका.

तिखटाचं पाणी, कडुनिंबाचं तेल, अंड्याचं पाणी, असे उपाय तुम्हाला लोक सांगतील. वाफ्याच्या कडेनं शिंपडून बघायला हरकत नाही, पण दवानं ते दोन दिवसांत धुऊन जातं. तारेला काही चोपडू नका. डांबराच्या गोळ्या तर अंगणात नकोतच, लहान मुलं त्या तोंडात घालतात.

आता तुमचे दोन पांढरे. मामंजी म्हणतात तसं त्यांना वावरात सोडणं म्हणजे त्यांना मारणंच आहे. रानससा जन्मतो तोच अंगावर केस आणि उघडे डोळे घेऊन. त्याचा रंग मातीचा, तो गवतात दबून बसला तर चार पावलांवरून दिसत नाही. पाळीव सशाचं पिल्लू उघडंनागडं, मिटल्या डोळ्यांनी जन्मतं, आणि हे तर पांढरेशुभ्र, माणसाच्या हातचं खाऊन वाढलेले. गावच्या कुत्र्यांपुढे ते एक रात्र काढणार नाहीत.

पण मामंजींच्या म्हणण्यात एक खरी गोष्ट आहे, ती सोडून देऊ नका. दोन ससे दिवसभर अंगणात मोकळे आणि रात्री एका खोक्यात, ही काही त्यांची नीट सोय नाही. मला वाटतं मामंजींचा राग लायटिंगपेक्षा या अर्धवट व्यवस्थेवर असावा. गुरंढोरं सांभाळलेल्या माणसाला बांधल्या जागेशिवाय जनावर ठेवणं बघवत नाही. त्यांनाच विचारा की सशांसाठी कोठा कसा करायचा. जुन्या पिढीतल्या माणसाला हाताशी काम आणि शब्दाला मान मिळाला की बरेच विरोध आपोआप मवाळ होतात. बांबू, जाळी आणि संत्र्याची जुनी लाकडी पेटी, एवढ्यात भिंतीच्या आडोशाला चांगली जागा तयार होते. खाली जाळीऐवजी लाकडी फळी आणि वर गवत टाका, नाहीतर सशाच्या तळपायांना जखमा होतात.

त्यांना चावायलाही द्या. वाळलेलं गवत दिवसभर समोर पाहिजे, सशाचं मुख्य अन्न तेच. सोबत जांबाच्या म्हणजे पेरूच्या किंवा तुतीच्या फांद्या टाका. पऱ्हाटी म्हणजे कपाशीची किंवा फवारलेल्या झाडाची काडी मात्र घालू नका. समोर चावायला भरपूर असलं तरी जमिनीवरची तार ते सोडतीलच असं नाही, म्हणून तार वरच हवी. कमी व्होल्टची माळसुद्धा त्यांनी खाणं बरं नाही. सशाला ओकता येत नाही, आणि प्लास्टिकचे तुकडे आतड्यात अडकले तर जनावर जातं.

कधी एखाद्या जनावरानं चालू तार चावलीच, तर त्याला हात लावू नका. आधी मेन स्विच बंद करा, मगच जवळ जा. वरवर ते ठीक दिसलं, उठून चालायला लागलं, तरी पशुवैद्यकीय दवाखान्यात न्या. अशा शॉकनंतर काही तासांनी छातीत पाणी भरून श्वास लागतो. न्यायची सोय नसेल तर 1962 या नंबरवर फोन करा. माणसाच्या बाबतीतही हेच. पहिला हात मेन स्विचवर, दुसरा माणसावर, आणि नंतर बरं वाटत असलं तरी दवाखाना.

नणंद यायच्या आधी हे सगळं होईल का? ठिबक आणि बांबू घरचेच, माळ तालुक्याच्या बाजारात मिळेल. फाटक मोकळं करणं आणि प्लग काढणं तर आजच होतं. ईएलसीबी आठवड्यात झाली नाही तर लग्नानंतर करा, पण तोवर 230 व्होल्टची एकही तार अंगणात नको. मांडवात यंदा चार दिवे कमी दिसले तर दिसू देत.

राहिला तुमचा शेवटचा प्रश्न, मुलाला काय सांगू. खरं तर मी तिथंच सर्वांत जास्त वेळ थांबले. दहा वर्षांचं पोर, त्यानं खोका बंद केला होता, वर पाट तुम्हीच ठेवला होता, आणि तरी सकाळी घरातल्या मोठ्या माणसांचे चेहरे बघून ते म्हणालं, माझ्याकडूनच उघडा राहिला असेल. ससे वाचावेत म्हणून त्यानं न केलेली चूक अंगावर घेतली. तुम्ही हे मला लिहिलंत, पण त्याला अजून कोणी काही बोललं नसावं असं पत्रावरून वाटतं.

उद्या सकाळी राखेत जे उमटेल ते त्याच्याबरोबर बसून बघा. नवऱ्याला आणि मामंजींनाही बोलवा. आणि सगळ्यांसमोर त्याला सांगा की त्या रात्री खोका बंदच होता.